लहान मुलांचं रडणं, हट्ट आणि भीती : नवीन आईबाबांनी सुरुवात कुठून करायची

परवा मारुती रोडला खेळण्याच्या गाड्यापुढं एक तीनेक वर्षांचं पोरगं रस्त्यावर आडवं पडून भोकाड पसरून रडत होतं, आई एका हातात भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या हातानं त्याला उठवायला बघत होती, चार लोकं थांबून बघायलेत, आणि एक आजोबा म्हणाले, "एक द्या ठेवून, गप बसतंय का नाय बघा." त्या आईचा चेहरा लालेलाल झालेला. मी जाऊन तिची पिशवी धरली आणि दोन मिनिटं तिच्या शेजारी उभी राहिले, बाकी काय केलं नाही. पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. सांगलीत बालवाडी घ्यायला लागून मला १४ वर्षं झाली, घरची दोन वेगळी, आणि दर जूनला नवीन आईबाबा येऊन मला तेच विचारतात, बाई हा ऐकतच नाही ओ, काय करू. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

हे साधारण दीड ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. पायऱ्या क्रमानं घ्या, एका पायरीला आठ-पंधरा दिवस लागले तरी चालतील. पहिली न करता थेट चौथीवर गेलात तर ते टिकत नाही, मी माझ्या मोठ्याच्या वेळी हीच चूक केली होती.

सुरुवातीला एवढं लक्षात घ्या की मेंदूचा कपाळामागचा भाग, ज्याच्या जोरावर आपण थांबतो, विचार करतो, "आत्ता नको, नंतर घेऊ" म्हणू शकतो, तो पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. राग आणि भीतीची घंटा वाजवणारा आतला भाग मात्र अगदी लहानपणापासून जोरात चालू असतो. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला "शांत हो" म्हटलं तर त्याला ते हवं असूनही एकट्याला जमत नाही. आपला धीर त्याला उसना द्यावा लागतो, शेजारून विरजण मागून आणतो ना तसा. एकदा विरजण घरात आलं की पुढचं दही घरच्या घरी लागतं, पण पहिल्यांदा ते कुणीतरी द्यावं लागतं. ज्याला रेझिलियन्स म्हणतात, म्हणजे पडलं तरी परत उठून उभं राहायची ताकद, ती मला तरी १४ वर्षांत अशीच येताना दिसलीय.

पायरी १ : आधी आपला श्वास

मूल ओरडायला लागलं की आपले दात आवळले जातात, खांदे वर जातात, आवाज चढतो, आणि मुलाला आपले शब्द कळायच्या आधी हे सगळं दिसतं. म्हणून काही बोलायच्या आधी तीन-चार वेळा श्वास घ्या, सोडताना घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या. आवाज हळू. अगदीच डोकं फिरलं असेल तर मूल सुरक्षित जागी आहे ना बघून सांगा, "आईला राग आलाय, मी पाणी पिऊन येते, मी इथंच आहे", आणि खरंच जाऊन पाणी पिऊन या. हे पळून जाणं नव्हे. राग आल्यावर मोठं माणूस काय करतं हे मुलाला बघायला मिळतं.

ओरडलात, एखादा धपाटा बसला, असं कुणाच्या हातून होत नाही? पण नंतर जवळ घेऊन म्हणा, "मगाशी मी ओरडले, चुकलं माझं, मला राग आवरला नाही." आपल्याकडं मोठ्यांनी लहानांपुढं चुकलं म्हणायची पद्धत नाही. माझे सासरे जुन्या वळणाचे, पण एकदा नातवाला विनाकारण रागावले आणि संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून म्हणाले "माझंच चुकलं रे बाळा", तर पोरगं त्यांच्या गळ्यात पडलं आणि त्यानंतर त्यानं स्वतःहून "माझं चुकलं" म्हणायला सुरुवात केली, आम्ही ते त्याला कधीच शिकवलं नव्हतं.

आणि मोबाईल. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग केला, आईनं तान्ह्या बाळाशी आधी खेळायचं आणि मग काही मिनिटं चेहरा एकदम कोरा ठेवायचा, काहीच प्रतिसाद द्यायचा नाही. बाळं आधी हसून बघतात, हात पुढं करतात, आवाज काढतात, आणि तरी आई कोरीच राहिली की तोंड फिरवतात, रडतात. मला हे वाचलं तेव्हा बालवाडी सुटायच्या वेळी गेटवर दिसणारे आपले सगळ्यांचे चेहरेच आठवले, मान खाली, स्क्रीनवर. मूल घरी आल्यावर पहिली १० मिनिटं फोन पर्समध्येच राहू दे, एवढं एक तरी आजपासून करा.

पायरी २ : झोप आणि पोट

ही पायरी छोटी आहे पण हिच्यावर निम्मं काम होतं. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त रडारड डबा खायच्या आधीच्या अर्ध्या तासात होते, १४ वर्षं हेच बघतेय. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. घरात साडेअकरापर्यंत टीव्ही चालू आणि सकाळी आठला शाळा, तर मग ते पोर किरकिर करणारच. स्क्रीनचं बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनं सांगितलंय ते असं, दोन वर्षांच्या आत अजिबात नको, दोन ते पाच वर्षं दिवसाला एक तासाच्या आत. आणि जेवताना मोबाईल लावून भरवत असाल तर ते आधी सोडवा, आपली काऊचा घास चिऊचा घासची पद्धत चांगलीच होती, त्यात मूल आपल्या तोंडाकडं बघत असायचं.

पायरी ३ : त्याला जे होतंय त्याला नाव द्या

मूल पडलं की आपण काय करतो? "काय नाय झालं, काय नाय झालं" म्हणत उचलतो आणि वर फरशीला मारतो, "हात रे फरशी, आमच्या सोन्याला लागलं व्हय". प्रेमानंच करतो. पण जरा त्याच्या बाजूनं बघा, गुडघा चरचरतोय आणि सगळ्यात विश्वासाचं माणूस सांगतंय की काहीच झालं नाही. आणि दुसरं, दुखलं की कुणाला तरी मारायचं, हे ते फरशीवरून शिकतं आणि उद्या वर्गात शेजारच्याला लावतं. त्यापेक्षा म्हणा, "पडलास, जोरात लागलं ना. कुठं, दाखव बघू. दुखतंय." बस. बऱ्याचदा एवढ्यावरच रडं कमी होतं, कारण आईला कळलंय म्हटल्यावर ओरडून सांगायची गरज उरत नाही.

आता शब्दांबद्दल, हा माझा आवडता विषय आहे. आपण मुलांना दोनच शब्द देतो, राग आणि रडू. पण आपल्या मराठीत किती आहेत बघा. हिरमुसणं, खट्टू होणं, फुरंगटणं, बावरणं, धाकधूक, हुरहूर, चिडचिड, हेवा, लाज, जीव घाबरा होणं. आणि "करमत नाही", हा तर सोन्यासारखा शब्द आहे, सुट्टीत आजोळहून परत आलेल्या मुलाला नक्की काय होत असतं ते या एका शब्दात येतं. माझी पुतणी चार वर्षांची असताना तासगावहून आली की दोन दिवस सगळ्यांवर चिडायची, भांडी आपटायची, वहिनी म्हणायच्या आजोळी लाडावून ठेवलीय. एकदा मी सहज म्हटलं, "तुला आजीशिवाय करमत नाही का गं?" ती एकदम थांबली. म्हणाली, "हो. करमत नाही." आणि माझ्या मांडीवर येऊन बसली. पुढच्या वेळी आल्या आल्या तिनंच जाहीर केलं, काकू मला करमत नाहीये. भांडी आपटायचं काम त्या शब्दानं केलं.

हे शब्द रडण्याच्या मधोमध शिकवता येत नाहीत. शांत वेळी, गोष्ट सांगताना, भाजी निवडताना वापरा. चिऊताईनं दार उघडलं नाही तेव्हा काऊला कसं वाटलं असेल? बाबा आज गप का आहेत, दमलेत का कशानं खट्टू झालेत? आणि स्वतःबद्दलही बोला, "आज माझी एसटी चुकली, मला जाम चिडचिड झाली, मग मी बाकावर बसले, चहा प्यायले, बरं वाटलं." आणि मुलाला "मुलगी हाईस का रडायला" हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका. मुलगा असला म्हणून त्याचं रडणं कमी होत नाही, लपवून रडायला तेवढं शिकतो.

पायरी ४ : लोळण घेतली तर काय करायचं

आधी बघा की तो डोकं आपटणार नाही, रस्ता नाही, गरम काही जवळ नाही. रस्त्यावर असेल तर उचलून कडेला न्या, लोकांकडं बघू नका, लोकं पाच मिनिटांनी विसरतात. मग जवळ बसा आणि एकच वाक्य बोला, "तुला ती गाडी हवी होती, नाही मिळाली, राग आलाय. मी आहे इथं." मग गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे. आपल्याला समजवायची घाई असते, घरी तीन गाड्या आहेत, पैसे झाडाला लागतात का, काल काय सांगितलं होतं, पण त्या वेळी त्याच्या डोक्यात यातलं एक अक्षर जात नाही. काहींना कुशीत घ्यावं लागतं, काहींना त्या वेळी हात लावलेला चालत नाही, आपल्या पोराचं काय ते दोन-तीन वेळात कळतं.

जोर ओसरायला लागला, हुंदके लांब लांब यायला लागले, की मग पाणी द्या आणि फुंकर मारा. आम्ही वर्गात याला "गरम दूध" म्हणतो. हाताची वाटी करायची, त्यात गरम गरम हळदीचं दूध आहे असं समजायचं, आधी नाकानं वास घ्यायचा, मग हळू फुंकर मारून गार करायचं, पाच वेळा. मुलांना दीर्घ श्वसन शिकवायला गेलात तर ती हसतात, दूध गार करा म्हटलं की लगेच करतात. पण याचीही प्रॅक्टिस आधी हसत्या वेळी व्हायला पाहिजे, रोज झोपताना करा.

आणि ती गाडी घ्यायची का? नाही म्हणाला असाल तर नाहीच. इथं सगळे घसरतात. दहा वेळा नाही म्हणून अकराव्या वेळी कंटाळून दिलं की मूल एवढंच शिकतं की अकरा वेळा रडावं लागतं. उलट तुम्ही ठाम राहायला लागलात की पहिले चार-आठ दिवस रडणं वाढतं, त्याला घाबरू नका, नेहमीची किल्ली लागेना झाल्यावर आपणही जोर लावून फिरवतोच की. म्हणून नाही म्हणायच्या आधीच विचार करा, देणार असाल तर पहिल्यांदाच हो म्हणून टाका.

एक वेगळी गोष्ट. काही मुलं रडता रडता श्वास धरतात, ओठ निळे पडतात, क्षणभर शुद्ध हरपते. बघणाऱ्याचा जीव जातो. सहा महिने ते सहा वर्षं या वयात हे होऊ शकतं आणि बहुतेक वेळा मूल काही सेकंदांत स्वतःच श्वास घेतं. कुशीवर झोपवा, गदागदा हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका, तोंडात काही घालू नका. पहिल्यांदा झालं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच, बऱ्याच मुलांत यामागं रक्तात लोह कमी असतं आणि त्यावर औषध आहे.

पायरी ५ : राग चालतो, मारणं चालत नाही

दोन्ही एकाच दमात सांगायचं, "राग येऊ दे, पण दादाला चावायचं नाही." आणि मग करायचं काय तेही सांगा, उशी दाबायची, अंगणात एक चक्कर पळायची, "मला नाही आवडलं" असं मोठ्यानं म्हणायचं. नियम तीनच ठेवा, मारायचं नाही, फेकायचं नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही. पंधरा नियम मोठ्यांच्याही लक्षात राहत नाहीत.

घरात आजी-आजोबा असले की प्रश्न येतो, आई नाही म्हणते आणि आजी पदराआडून चॉकलेट देते. यावरून आजीशी भांडू नका, मुलासमोर तर अजिबातच नको. निवांत बसून म्हणा, आई, हे तीन नियम तेवढे आपण सगळ्यांनी सारखे पाळूया, बाकी लाड तुमचे. आजीची किंमत कमी समजू नका. हवाई बेटांतल्या काउआई बेटावर एमी वर्नर यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा पुढं कित्येक वर्षं अभ्यास केला, त्यातली बरीच मुलं गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा सगळ्यात वाढत होती. त्या जास्त अडचणीतल्या मुलांतली साधारण एक तृतीयांश तरीही चांगली, सांभाळून घेणारी माणसं झाली, आणि त्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा एक गोष्ट दिसली, त्यांच्या आयुष्यात जीव लावणारं निदान एक तरी मोठं माणूस होतं, आणि बऱ्याचदा ती आजी, मावशी, शेजारीण किंवा शिक्षिका होती. हे वाचल्यापासून मी वर्गात ज्या मुलाच्या घरी फार काही ठीक नाही त्याच्या शेजारी रोज मुद्दाम पाच मिनिटं बसते.

पायरी ६ : छोटी अडचण त्याच्याकडंच राहू दे

शर्टाचं बटण लागत नाहीये, मूल झगडतंय, आणि आपला हात पुढं जातो. मनात दहा आकडे मोजा. मग विचारा, "करू का मदत, का तू बघतोस अजून?" मटार सोलणं, लसूण सोलणं, चपलांच्या जोड्या लावणं, स्वतःची बाटली भरणं ही कामं तीन-चार वर्षांच्या मुलाला देता येतात. सांडेल. फडकं त्याच्याच हातात द्या.

खेळात हरणं पण शिकावं लागतं. आपल्याकडं लगोरीत लहानग्याला "कच्चा लिंबू" करून घ्यायचे, खेळायचं सगळ्यांबरोबर पण आऊट झालं तरी चालायचं, मला ती फार शहाणी पद्धत वाटते, लहान असताना गटात राहायला मिळतं आणि मोठं झालं की तेच म्हणतं मी आता कच्चा लिंबू नाही. सापशिडीत सतत त्याला जिंकवू नका, चारात एकदा तरी हरू द्या आणि हरल्यावर "रुखरुख लागली ना, परत मांडूया का" म्हणा. कौतुक करताना "किती हुशार" पेक्षा "तीनदा पडलं तरी परत रचलंस" असं जे केलं ते सांगा.

शाळेचे पहिले दिवस याच पायरीत येतात. नजर चुकवून निघून जाऊ नका. त्या दिवसापुरतं रडणं वाचतं पण पुढं महिनाभर ते मूल दाराकडंच बघत बसतं. सांगून जा, एक पापी, एक टाटा, आणि त्याला कळेल अशी वेळ सांगा, "डबा खाल्ला, गाणी झाली की मी गेटवर." आणि त्या वेळेला खरंच हजर राहा.

पायरी ७ : पाऊस आणि पूर

हे आपल्याकडं वेगळं लिहावंच लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. मग २०२१ च्या जुलैत परत. आता माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांना त्यातलं काहीच आठवत नाही, काही तर तेव्हा जन्मलीच नव्हती, तरी जुलैत घराघरात "किती फूट झालं" सुरू झालं की यांची नखं तोंडात जातात. विरजणाचं मी म्हटलं तसंच हे, धीर उसना मिळतो तशी भीतीही मिळते.

२०१९ नंतर शाळा परत भरली तेव्हा काही मुलं अंथरूण ओलं करायला लागली होती, आईला सोडत नव्हती, पाच वर्षांचं मूल परत बोबडं बोलत होतं. आणि सगळी मिळून कित्येक आठवडे "पूर पूर" खेळायची, पातेल्यात बाहुल्या घालून बोट करायची, ओढणीचं पाणी, एकजण वर गच्चीवर आणि बाकीचे ओरडतायत वाचवा वाचवा. एका आईनं मला काळजीनं सांगितलं, बाई हे बंद करा, त्याला आठवण येते. मी बंद केलं नाही. मुलं खेळूनच मनातलं बाहेर काढतात. खेळात प्रत्येक वेळी सगळे बुडायला लागले तेव्हा फक्त मी विचारलं, "बोट घेऊन कोण येणार?" आणि हळूहळू त्यांच्या खेळात बोटवाले आले, जेवण वाटणारे आले, गाई-म्हशी सोडवणारे आले.

घरी काय करायचं? पाण्याचे व्हिडिओ मुलांसमोर पुन्हा पुन्हा लावू नका. "काही होत नाही" असं खोटं सांगू नका, त्याला तुमचा चेहरा दिसतोय. खरं आणि थोडं सांगा, "पाणी वाढलं तर आपण आधीच मावशीकडं विट्याला जायचं, मी, तू, बाबा, आजी, सगळे एकत्र." त्याची स्वतःची छोटी पिशवी आधीच भरायला द्या, एक खेळणं, एक चादर, एक डबा, हातात काम असलं की भीती कमी होते. दुसऱ्याच्या घरी राहावं लागलं तरी झोपायची गोष्ट, ती फुंकर, तेच गाणं चालू ठेवा. अंथरूण ओलं झालं तर रागावू नका, लाजवू नका, चारचौघांत तर बोलूच नका, बहुतेक मुलांचं काही आठवड्यांत परत पहिल्यासारखं होतं.

पायरी ८ : बाहेरची मदत कधी घ्यायची

रडणं-लोळणं रोजच पंचवीस मिनिटांच्या वर चालत असेल, मूल स्वतःला चावत-मारत असेल, पाच वर्षांनंतर कमी होण्याऐवजी वाढत असेल, आधी येणारे शब्द गेले असतील, हाक मारल्यावर बघत नसेल, एखादी वाईट घटना होऊन महिना उलटला तरी झोप-जेवण रुळावर आलं नसेल, तर वाट बघत बसू नका. आणि एखाद्या ठराविक माणसाला किंवा जागेला मूल अचानक घाबरायला लागलं तर ते नाटक समजू नका, शांतपणे ऐकून घ्या, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा. मुलाला कुणी त्रास देतंय अशी शंका आली तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

खर्चाची भीती असेल तर अंगणवाडीतून सुरुवात करा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांची टीम अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करते, ती कधी येणार हे ताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि तिथं आईबाबांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो. रात्री मूल झोपल्यावर तुम्हालाच रडू येत असेल, रोजच येत असेल, तर तो फोन आधी स्वतःसाठी करा.

डॉक्टरकडं जाताना आठ दिवसांची साधी वही घेऊन जा. किती वाजता रडला, त्याआधी काय झालं, किती वेळ, कशानं थांबला, रात्री किती झोपला. आणि मुलाला आदल्या दिवशी खरं सांगून न्या, "उद्या डॉक्टरकाकांशी बोलायला जायचंय, मी तुझ्याजवळच बसणार आहे." सुई टोचतील म्हणून आजवर घाबरवलं असेल तर तेही आधी कबूल करून टाका.